बर्फाच्या छताखाली खाणीतला मेट

एकोणतीस वर्षं मी छत ऐकण्याचं काम केलं. लोक गाणी ऐकतात, बातम्या ऐकतात, भिंतीला कान लावून शेजाऱ्यांची भांडणं ऐकतात. मी डोक्यावरचा दगड ऐकत होतो. ती सवय अशी अंगात मुरली की अजूनही कुणाकडे पाहुणा गेलो की आधी स्लॅबकडे नजर जाते, मग यजमानाकडे. वास्तुशांतीच्या पंगतीत बसून "या कोपऱ्यातला गिलावा पोकळ वाजून राहिला" असं सांगितल्यामुळे दोन घरांची आमंत्रणं कायमची बंद झाली आहेत.

भंडारा जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाला धान आणि तलाव आठवतात. मीही धानाच्याच घरातला, पवनी तालुक्यातल्या आसगावचा. पण रोवण्याच्या दिवसांत माझी पाठ वाकत नाही अशी वडिलांची तक्रार होती. म्हणून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तुमसरकडे, मँगनीजच्या खाणीत लागलो. तिथं पाठच काय, मानही वाकवून चालावं लागतं हे गेल्यावर कळलं. मँगनीज म्हणजे काळा, जड दगड, पोलाद कडक करायला लागतो. लोखंडी पिंजऱ्यात उभं राहून खाली जायचं, बोगद्यातून चालायचं आणि जिथं दगड काढणं चालू आहे तिथं पोचायचं. वर येईपर्यंत थुंकीसुद्धा काळी होते.

आधी मी गाड्यांत दगड भरणारा होतो, मग परीक्षा देऊन मेट झालो. मेट म्हणजे पाळीतल्या माणसांचा मुकादम. फरक इतकाच की मुकादम माणसांवर नजर ठेवतो आणि मेटाला अर्धी नजर वर ठेवावी लागते. पाळी सुरू व्हायच्या आधी कामाच्या जागी पहिला पाय मेटाचा पडतो. हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार. तिनं छत ठोकत पुढं जायचं. दगड घट्ट असेल तर खण्ण वाजतो. सुटलेला असेल तर ढब. ढब वाजला की तो आधी पाडायचा, मग माणसं आत घ्यायची. आणि छत न सांगता पडत नाही. आधी बारीक कण टपकतात, मग खडे, मग बोटं मोडल्यासारखा कडकड आवाज. आम्ही म्हणायचो, छत बोलून राहिलं.

नव्या माणसाला आणि पाहुण्याला माझे तीन नियम असायचे. डोक्यावरची टोपी काढायची नाही. छत बोलायला लागलं की मधात उभं राहायचं नाही, भिंत धरायची, कारण दगड सुटतो तो मधातून, जिथं त्याला खालून आधार नाही. आणि मेटानं 'निघा' म्हटलं की निघायचं, हातातलं हत्यार, चहाचा डबा, सगळं तिथंच टाकून.

पाहुणे काय काय आले म्हणून सांगू! एका साहेबांचे साळे नवे पांढरे बूट घालून आले आणि मी नियम सांगत असताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "नीचे नेटवर्क मिलता है क्या?" कॉलेजची पोरं यायची, ती दुसऱ्या नियमाला हमखास हसायची. मी सांगतोय आणि समोरचा बुटाची नाडी बांधतोय, हे पाहून माझं डोकं फिरायचं. "तुमच्या जिवासाठीच बोलून राहिलो ना बाप्पा!" असं मी ओरडायचो आणि मग तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायचो.

एकदा शहरातून एक फोटोग्राफर आला. त्याला काळ्या चेहऱ्याचे, पांढऱ्या दातांचे मजूर हसताना हवे होते. तो "एक और, बस एक और" करत राहिला. तेवढ्यात मला वर टिक असा आवाज आला. एकच. मी 'निघा' म्हणायला तोंड उघडलं आणि पाहुण्याला मधात कसं तोडायचं म्हणून मिटलं. त्याचे आणखी दोन फोटो झाले. दुसऱ्या फोटोला वरून खरबुजाएवढा दगड आला आणि देवचंद नावाच्या माझ्या माणसाच्या पायावर पडला. दोन बोटं गेली. चूक माझी होती, दुसऱ्या कुणाचीही नव्हती. देवचंद तुमसरच्या बाजारात भेटला की अजून "मेटसाहेब, चहा घेऊ" म्हणतो. मी घेतो. त्याच्या चपलेकडे पाहत नाही.

माझ्या काळात बायांना खाली यायची परवानगी नव्हती. त्यामुळे मी काय करतो हे आमच्या घरात कुणी पाहिलेलं नाही. माझी बायको सुनंदा अड्याळची. तिला दिसत होता तो फक्त संध्याकाळी घरी येणारा काळा माणूस आणि त्याचे न निघणारे कपडे. मुलगी वर्षा आता पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे आणि सुटीच्या दिवशी कॅमेरा घेऊन हिंडते. गुडघ्यांनी संप केल्यामुळे मी चार वर्षं आधीच निवृत्ती घेतली, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, घरात बसून तुम्ही नुसते छतच पाहता. चला, तुम्हाला दुसरं छत दाखवते."

पुण्याचे एक सर लोकांना फोटो काढायला परदेशी घेऊन जातात. त्यांची आइसलँडची सहल होती आणि तीत एक दिवस हिमनदीच्या पोटातली बर्फाची गुहा. सुनंदानं थंडीचं नाव ऐकूनच कान झाकले. "मले नाही सोसत. तुमी जा. पण पोरीवर ध्यान ठेवजा जी." मी म्हटलं, "अवं, शंभर माणसं सांभाळली मी, एक पोरगी नाही सांभाळणार?" हे वाक्य मी चिवड्याचा डबा भरता भरता, अगदी सहज बोललो होतो.

सहलीत आम्ही अकरा जण. दहांच्या गळ्यात कॅमेरे आणि माझ्या गळ्यात मफलर.

गुहेच्या दिवशी माणसाच्या छातीएवढ्या चाकांच्या गाडीनं आम्हाला हिमनदीच्या पायाशी सोडलं. तिथली वाटाडी हेल्गा नावाची बाई होती. वयानं वर्षाहून थोडी मोठी, माझ्याहून वीतभर उंच, कमरेला दोर, हातात कुदळीसारखं हत्यार. तिनं सगळ्यांना टोप्या दिल्या आणि बुटाखाली बांधायचे लोखंडी दाते दिले. मग गुहेच्या तोंडाशी उभी राहून इंग्रजीत नियम सांगायला लागली.

आता माझं वागणं ऐका. ती नियम सांगत होती आणि मी खाली वाकून दात्यांचा पट्टा आवळत होतो. तोही नीट आवळला नाही. मनात चाललं होतं की ही काय मले शिकवते.

वर्षानं कोपरानं ढोसलं. "बाबा, ऐकून राहिले ना? टोपी काढायची नाही. मधोमध चालायचं, भिंतीजवळ जायचं नाही. तिनं बाहेर म्हटलं की बाहेर."

"पहिला अन् तिसरा नियम आपलाच आहे," मी म्हटलं. "दुसरा चुकीचा आहे. मधात त अनाडी माणूस उभा राहते."

"तिले सांगू का तसं?"

"राहू दे. लहान आहे ते."

आत शिरलो आणि माझी बडबड बंद पडली. कपड्यांना द्यायची नीळ पाण्याच्या बादलीत टाकली की पहिल्या क्षणी दोरे दोरे होऊन उतरते, तो निळा. वर, बाजूला, पायाखाली. माझ्या खाणीत उजेड मी टोपीवर घेऊन जात असे. इथं तो छतातूनच झिरपत होता. बर्फात मधूनमधून काळ्या राखेचे पट्टे होते आणि तेवढे मला ओळखीचे वाटले. पायाखाली कुठंतरी पाणी वाहत असल्याचा आवाज. मी देवळात काढतात तशी टोपी काढायला हात वर नेला आणि आपलाच नियम आठवून खाली आणला.

फोटोवाल्यांनी आपापल्या कॅमेऱ्याच्या तिकाट्या रोवल्या. सरांचं लक्ष माझ्या लाल कोटाकडे गेलं. "काका, तुम्ही तिथं वळणाजवळ उभे राहा. माणूस उभा असला की गुहा केवढी आहे ते फोटोत कळतं." म्हणजे एकोणतीस वर्षं मी जागा मापल्या आणि आता मीच मोजपट्टी. गेलो, उभा राहिलो. समोर दहा-बारा पावलांवर वर्षा गुडघे टेकून कॅमेऱ्यात डोळा घालून बसली होती.

तिथं उभा असताना बाहीवर काहीतरी पडलं.

थेंब सगळीकडेच पडत होते, पण हा थेंब नव्हता. कोरडा कण होता, रव्यासारखा. झटकला. दुसरा पडला. मग दोन एकदम. मी मान वर केली. छतातून केसाएवढी बारीक रेघ निघून भिंतीत उतरली होती. आलो तेव्हा ती होती की नव्हती हे मला सांगता येईना. म्हणजे मेट असून मी आत आल्यावर वर पाहिलंच नव्हतं, निळ्या रंगाकडे पाहत बसलो होतो.

हातात चालायची काठी होती. ती उलटी धरून मी जिथं छत खाली आलं होतं तिथं ठोकलं. खण्ण. पाऊलभर पुढं ठोकलं. ढब.

"नो! नो!" हेल्गा तिकडून ओरडली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. सर म्हणाले, "काका, नारळ आहे का तो?" आणि हशा झाला. वर्षाचा चेहरा उतरला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी मोठ्यानं जांभई दिली होती तेव्हा तिचा असाच चेहरा झाला होता.

मी हेल्गाजवळ गेलो. माझं इंग्रजी पगाराच्या चिठ्ठीपुरतं. वर बोट दाखवून म्हटलं, "रूफ टॉकिंग, मॅडम."

ती हसली नाही. त्या जागेखाली जाऊन उभी राहिली, टोपीचा पट्टा सैल करून एक कान मोकळा केला आणि ऐकत राहिली. कशी उभी होती सांगू? आपला माणूस उभा राहतो तशी. मला वाटलं, आता ही 'निघा' म्हणेल. ती सरांकडे वळली आणि काहीतरी बोलली. सरांनी हात जोडल्यासारखे केले. आत्ताच तर उजेड आला, लोक किती लांबून आलेत, वगैरे. हेल्गानं पुन्हा वर पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि पाच बोटं दाखवली.

पाच मिनिटं. मला तो खाणीतला टिक आवाज आठवला आणि माझं मिटलेलं तोंड. मी सरळ वर्षाजवळ गेलो.

"सामान भर."

"पाच मिनिटं दिले ना तिनं."

"मी नाही देत."

ती कॅमेऱ्यातून डोळा न काढता हळू आवाजात म्हणाली, "इथं तुम्ही मेट नाही, बाबा."

"मंग कोण आहो मी?"

"फोटोतला माणूस. जा ना, उभे राहा तिथं. एकच काढते, शेवटचा. मग निघू."

आणि मी गेलो. लिहिताना लाज वाटते, पण गेलो. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं. तिचं ऐकलं.

"आठ सेकंद हलू नका," ती म्हणाली. अंधुक उजेडात कॅमेरा तेवढा वेळ उघडा ठेवावा लागतो, तोवर माणूस हलला की फोटोत त्याचा धूर होतो.

एक. बाहीवर रवा. दोन. रवा. तीन. आता कण नव्हते, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे होते. चार. टोपीवर टकटक. पोरगी मान खाली घालून बसलेली, तिला काही दिसत नाही. मी ओरडू की उभा राहू? पाच. पाण्याचा आवाज बदलला. आधी खळखळ होती, आता कुणी घशातून गुळण्या करतंय असं वाटलं. सहा.

सात झालेच नाहीत. भिंतीच्या आत तोफ सुटावी तसा आवाज झाला. कानानं ऐकण्याआधी तो पायानं ऐकला.

हेल्गा ओरडत होती, "आउट! मिडल! मिडल!" लोक पळत सुटले. मी पळालो तो वर्षाकडे. ती कॅमेरा सोडवत होती. "सोड ते!" मी तिचं मनगट धरलं आणि ओढलं. कुठं ओढलं? एकोणतीस वर्षं पाय जिकडे गेले तिकडेच गेले. "भिंत धर!" असं ओरडत मी तिला भिंतीशी नेलं, बर्फाला टेकवलं आणि तिच्यावर पाठ करून उभा राहिलो. छत पडलं तर माझ्यावर पडेल, ती वाचेल. माझा हिशेब पक्का होता. भीतीसुद्धा वाटत नव्हती, कारण जागा बरोबर होती.

हेल्गा परत आत आली. आमच्याकडे पळत आली, वर्षाच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि तिला मधात ओढायला लागली. तिला वाटलं मी घाबरून गोठलोय. मला वाटलं ही पोर घाबरून पोरीला मरणाच्या जागी नेतेय. मी वर्षाचं मनगट आणखी घट्ट धरलं आणि मागं ओढलं.

होय. मागं ओढलं. बर्फाच्या पोटात एक बाप आणि एक वाटाडी एका पोरीची रस्सीखेच करत होते. ती इंग्रजीत ओरडत होती, मी आमच्या झाडी बोलीत. वर्षा मधात, "बाबा, सोडा! बाबा!" किती वेळ चाललं? तीन सेकंद असेल. माझ्या आयुष्यात त्याहून लांब पाळी झाली नाही.

हा खेळ मी जिंकणार होतो. वजन माझं जास्त. पण नीट न आवळलेला तो पट्टा सुटला, बुटाखालचे दाते निसटले आणि मी उताणा आपटलो. मनगट मात्र हातातच होतं. हेल्गानं ओढलं ते आम्हा दोघांना. धानाचं पोतं ओढावं तसा मी घसरत गेलो.

मागं भिंत सुटली.

छत पडलं नाही, भिंतच पडली. घराचा गिलावा सोलून यावा तसा एक मोठा पापुद्रा सुटला आणि आडवा झाला. मालवाहू ऑटोएवढा असेल. तोंडावर बर्फाचा भुगा आला. मग हेल्गानं मला कॉलर धरून उठवलं आणि आम्ही तिघं पळालो.

बाहेर उन्हात आल्यावर हेल्गानं माणसं मोजली. मीही मोजली, सवयीनं. अकरा. पुन्हा मोजली.

गुहेच्या तोंडातून आतलं दिसत होतं. वर्षाचा कॅमेरा ती जिथं बसली होती तिथंच, मधोमध, तीन पायांवर जसाच्या तसा उभा होता. त्याच्यावर भुगासुद्धा फारसा नव्हता. आणि डावीकडे, मी तिला ज्या सुरक्षित जागी नेलं होतं, तिथं आता बर्फाची ढेकळं पडली होती, कमरेएवढी. कॅमेरा आणायला हेल्गानं कुणाला आत जाऊ दिलं नाही. कुणी विचारलंही नाही.

मी हात कोटाच्या खिशात घातले. हेल्गा जवळ आली. वर्षा आमच्यामध्ये उभी राहून इकडचं तिकडे सांगत होती.

"ती विचारून राहिली, भिंतीकडं काहून नेलं?"

"सांग, मी खाणीत होतो. आमच्याकडं भिंत धरतात."

हेल्गानं मान हलवली आणि बराच वेळ बोलली. बर्फाच्या गुहेत छत कमानीचं असतं, ते सहसा स्वतःला धरून ठेवतं. पण खालून वाहणारं पाणी भिंतींचे पाय कोरत जातं आणि आधी भिंत सोडते. म्हणून मधोमध. हे तिनं सुरुवातीलाच सांगितलं होतं, असंही ती म्हणाली. मी मान खाली घातली. ते दाते कुठं गेले हेही तिनं विचारलं. मान आणखी खाली गेली.

मग ती आणखी काही बोलली. ते वर्षानं मला लगेच सांगितलं नाही. मीच विचारलं, "काय म्हणते?"

"म्हणते, तुम्ही ठोकून दाखवलं ते बरोबर होतं. तिलेही ऐकू आलं होतं. तेव्हाच बाहेर काढायला पाहिजे होतं सगळ्यांना. सर अन् लोक इतके मागे लागले की..."

ती बाई माझ्याकडे पाहत होती. मला तिला देवचंदबद्दल सांगायचं होतं. पण तेवढं इंग्रजी मला येत नव्हतं आणि वर्षाच्या तोंडून ते वदवून घ्यायचं धाडस झालं नाही. मी खिशातून हात काढला आणि पुढं केला. तिनं तो धरला.

परतीच्या गाडीत वर्षा रडली ती कॅमेऱ्यासाठी. माणूस असाच असतो. मोठ्या गोष्टीला रडू येत नाही म्हणून लहान गोष्ट शोधतो. तिच्या मनगटावर माझी चार बोटं उमटली होती, लाल. तिनं बाही खाली ओढली आणि म्हणाली, "आईले मी सांगीन. तुम्ही काही बोलू नका."

फोनवर तिनं सांगितलं, "आई, बर्फ पडला थोडा. पण बाबा होते म्हणून वाचली." मी शेजारीच बसलो होतो. काही बोललो नाही. म्हटलं, तिनंच सांगितलं आहे न बोलायला. सोईच्या वेळी मी पोरीचं फार ऐकतो.

घरी आल्यावर ती गोष्ट माझी राहिली नाही, भंडाऱ्याची झाली. भावानं विचारलं, सांगितली. अड्याळला सासुरवाडीत सांगितली, तिथं पापुद्रा मालवाहू ऑटोवरून ट्रकवर गेला. जुन्या खाणवाल्या मित्रांना चहावर सांगितली तेव्हा 'छत ठोकलं, ढब वाजलं' इथंच त्यांनी टाळ्या पिटल्या. त्यापुढचं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. एका मित्रानं माझ्या गळ्यात त्याचाच गमछा घातला. देवचंदही होता. तो म्हणाला, "मेटसाहेबाचा कान म्हणजे कान!" तो गमछा मला घरी येईपर्यंत टोचत होता, धुतलेला, मऊ सुती असूनही.

मग या दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं की तुमचा थरारक अनुभव लिहा. लिहिला. चांगला आठ पानांचा. सकाळची वेळ होती, सुनंदा अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिच्यासमोर खुर्ची टाकून मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात मी वर्षाला "सुरक्षित जागी नेलं" आणि मग "गाईडच्या मदतीनं बाहेर काढलं" असं होतं. दोन्ही वाक्यं, म्हटलं तर, खोटी नव्हती.

ती निवडता निवडता ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "चांगलं लिवलं." मी कागद घडी करायला लागलो. तशी तिनं विचारलं, "काय जी, तुमी पोरीले बरोबर जागी नेलं होतं, त मंग त्या बाईनं तिले तिथून काहून वढलं?"

आठ पानं मी तीनदा तपासली होती. हे मला दिसलं नव्हतं.

मी कागद पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. मग सांगितलं. बुटाचा पट्टा, दुसरा नियम, आठ सेकंद, भिंत, रस्सीखेच, सगळं. मी मागं ओढलं हेही. सुपातले तांदूळ तिनं एका जागी गोळा केले आणि हात त्यांच्यावर ठेवून बसून राहिली.

"वर्षीले माहीत आहे?"

"हाव. तिनंच झाकलं."

"तरीच मनगट झाकून राहिली होती, आली तवा. मले वाटलं बांगडी रुतली."

मी आपला ती रागावण्याची वाट पाहत होतो. रागावली असती तर बरं झालं असतं.

"खाणीतून येत होते तवा," ती म्हणाली, "मी रोज दारात विचारत होती, आज काही झालं का जी. तुमी म्हणत होते, काही नाही झालं. रोज. तेबी असंच होतं का?"

मी अंगणातल्या कडुनिंबाकडे पाहिलं.

"असंच होतं का, म्हणते मी."

"कधी कधी."

"किती खेपा?"

देवचंदचं तिला माहीत होतं, ते खाणीच्या सगळ्या कॉलनीला माहीत होतं. ते सोडून मी डाव्या हाताची बोटं मोजायला लागलो. खरंच आठवून मोजत होतो, एकेका बोटावर थांबत. पाच संपली आणि मी उजवा हात पुढं घेतला, तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं, तो हात धरला आणि बोटं मिटून टाकली.

"राहू द्या जी," ती म्हणाली. "मले तांदूळ निवडायचे आहेत."